खरी मिसूरी कोणती? लुईस-क्लार्क मोहिमेतील एका निर्णयाचे प्रकरण

2 जून 1805 च्या संध्याकाळी कॅप्टन मेरिवेदर लुईस आणि कॅप्टन विल्यम क्लार्क यांच्या तुकडीने मिसूरी नदीच्या काठी, आजच्या माँटाना राज्यातील लोमा गावाजवळ, मुक्काम ठोकला. समोर नदीचे दोन फाटे होते. एक उत्तरेकडून येत होता, दुसरा दक्षिणेकडून, आणि यांपैकी मिसूरी कोणती व तिला मिळणारी नदी कोणती हे पाहणाऱ्याला ठरवता येत नव्हते. पुढील सुमारे दहा दिवस मोहीम तेथेच थांबली. लुईस आणि क्लार्क यांच्या प्रवासातील अस्वलांच्या गाठी, बर्फातील घाट आणि पॅसिफिकचा किनारा हे प्रसंग अधिक प्रसिद्ध आहेत. अपुऱ्या आणि परस्परविरोधी माहितीवर निर्णय कसा घ्यावा लागतो हे पाहायचे असेल, तर मात्र या संगमावरील मुक्काम त्या सर्वांपेक्षा जास्त उपयोगी ठरतो, कारण त्या दिवसांतील जवळजवळ प्रत्येक युक्तिवाद रोजनिशींमध्ये लिहून ठेवलेला आहे.

काय पणाला लागले होते

राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी 20 जून 1803 रोजी लुईसला दिलेल्या लेखी सूचनांमध्ये मोहिमेचा हेतू स्पष्ट होता : मिसूरी आणि तिचे मुख्य प्रवाह धुंडाळून पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांपर्यंतचा, खंड ओलांडून जाणारा, व्यापाराला सोयीचा जलमार्ग शोधणे. त्याच वर्षी फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुईझियाना प्रांत विकत घेण्यात आला होता. सुमारे 8,28,000 चौरस मैलांच्या या प्रदेशाच्या सीमा कागदावर धूसर होत्या, मात्र मिसूरीचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र त्यात येते असे अमेरिकेचे म्हणणे होते. त्यामुळे मिसूरी कोठून येते हा प्रश्न प्रवाशांच्या वाटेचा होता तसाच तो राष्ट्राच्या मालकीहक्काचाही होता.

मोहिमेने 1804–05 चा हिवाळा आजच्या नॉर्थ डकोटातील फोर्ट मँडन येथे, मँडन आणि हिदात्सा लोकांच्या गावांशेजारी काढला. 7 एप्रिल 1805 रोजी तेथून 33 जणांची कायम तुकडी दोन मोठ्या होड्या आणि झाडाची खोडे कोरून केलेली सहा लहान होडकी घेऊन पश्चिमेकडे निघाली. तिच्यात क्लार्कचा गुलाम यॉर्क, फ्रेंच दुभाष्या शार्बोनो, त्याची शोशोनी पत्नी सकागाविया आणि तिचे काही आठवड्यांचे बाळ यांचा समावेश होता. संगमापर्यंत पोहोचेतो प्रवासाच्या हंगामातील दोन महिने सरले होते. चुकीच्या नदीने रॉकी पर्वतापर्यंत किंवा त्याही पलीकडे जावे, ती पॅसिफिकला मिळणाऱ्या कोलंबिया नदीच्या जवळ जात नाही हे तेथे गेल्यावर कळावे आणि मग परत फिरून दुसरी नदी धरावी असे घडले, तर सगळा हंगाम वाया जाईल आणि माणसांचे मन असे खचेल की मोहीमच फसेल, अशी भीती लुईसने 3 जूनच्या नोंदीत स्वच्छ शब्दांत लिहिली आहे. ही भीती अतिशयोक्त नव्हती. पर्वत बर्फाने बंद होण्याआधी ओलांडायचे होते आणि मदतीला दुसरी कोणतीही तुकडी मागून येणार नव्हती.

सांगितलेला नकाशा

संगमाच्या पुढच्या प्रदेशाविषयी दोन्ही कॅप्टनांकडे जी विश्वासार्ह माहिती होती, तिचा मोठा भाग हिदात्सांकडून मिळालेला होता. हिदात्सा योद्धे पश्चिमेकडे पर्वतांपर्यंत धाडी घालण्यासाठी जात असत, आणि वाटेतील नद्या, त्यांचा क्रम, डोंगर व मोठा धबधबा यांचे वर्णन त्यांनी हिवाळ्यात केले होते. हे वर्णन हिदात्सा भाषेतून फ्रेंचमध्ये व फ्रेंचमधून इंग्रजीत असे दोन टप्पे पार करून कॅप्टनांच्या वहीत उतरले होते. तरीही संगमापर्यंत ते बहुतांशी खरे ठरत आले होते, आणि म्हणूनच आता उभा राहिलेला पेच जास्त खटकणारा होता.

हिदात्सांनी उत्तरेकडून मिळणाऱ्या एका नदीचे नाव सांगितले होते. इतर सर्व नद्यांवर खेकसणारी, अशा अर्थाचे ते नाव होते. ती नदी बरीच मागे लागायला हवी होती, आणि मे महिन्यात जी नदी लागली (जिला मोहिमेने मिल्क हे नाव दिले) तीच ती असावी, असे कॅप्टनांनी ठरवून टाकले होते. त्यानंतर आणखी एक मोठी नदी उत्तरेकडून येते हे कोणी सांगितले नव्हते. उत्तरेचा फाटा ही उपनदी असेल, तर या प्रदेशाची एवढी बारीक माहिती असलेल्या लोकांनी ती वगळावी कशी, असा प्रश्न लुईसला पडला. उलट उत्तरेचा फाटा हीच मिसूरी असेल, तर धबधब्याकडे जाताना ओलांडावा लागेल असा दक्षिणेचा फाटा त्यांनी का वगळला, हे तितकेच अनाकलनीय होते.

या कोड्याचे एक उत्तर असे संभवते की हिदात्सा हा प्रवास घोड्यावरून करीत. नदीची वळणे टाळून ते माळरानावरून सरळ जात, आणि मिसूरीच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या घोडेस्वाराला उत्तर तीरावर मिळणाऱ्या नदीचे मुख दिसण्याचे कारण नाही. होडीतून जाणाऱ्याला मात्र प्रत्येक मुखापाशी थांबून विचार करावा लागतो. सांगणाऱ्याचा प्रवास आणि ऐकणाऱ्याचा प्रवास एकाच जातीचा नव्हता, हे कॅप्टनांच्या तेव्हा ध्यानात आले असावे असे त्यांच्या नोंदींवरून वाटत नाही. सकागाविया याच पर्वतांच्या पायथ्याशी पकडली जाऊन हिदात्सांकडे आणली गेली होती, तरी तिला काही विचारल्याचा उल्लेखही त्या दिवसांच्या नोंदींत येत नाही.

पाण्याचा रंग

3 जूनला मोजमापे झाली. दक्षिणेचा फाटा 372 यार्ड रुंद भरला, उत्तरेचा 200 यार्ड. उत्तरेचा फाटा जास्त खोल होता, मात्र त्याचा वेग कमी होता. त्याचे पाणी पांढुरके-तपकिरी व दाट गढूळ होते आणि खदखदल्यासारखे लोळत वाहत होते. सेंट लुईसपासून या संगमापर्यंत मिसूरीने अगदी हेच रूप दाखवले होते. दक्षिणेचा फाटा निवळशंख होता, वेगाने पण सपाट पृष्ठभागाने वाहत होता, आणि त्याच्या तळाशी गुळगुळीत गोल व चपटे दगड दिसत होते.

तुकडीतील जवळजवळ प्रत्येकाने उत्तरेचा फाटा हीच मिसूरी असे मानले. त्यांत पिएर क्रुझात होता, ज्याच्या मिसूरीवरील नावाडीपणाच्या अनुभवावर सर्वांचा विश्वास होता. आजवर जी नदी पाहिली, तिच्यासारखी दिसणारी नदी हीच ती नदी, हा तर्क वरकरणी बिनतोड होता. लुईस आणि क्लार्क यांनी प्रश्नच वेगळा घातला. मिसूरी पर्वतांतून येते हे ठाऊक आहे, तेव्हा पर्वतांपासून शंभरेक मैलांवर ती कशी दिसायला हवी? पर्वतातून नुकतीच उतरलेली नदी स्वच्छ असणार आणि तिच्या तळाशी दगडगोटे असणार. मोठ्या धबधब्यापाशी मिसूरीचे पाणी जवळजवळ पारदर्शक असते, असे हिदात्सांनीही सांगितले होते. उत्तरेच्या फाट्याला एवढा गाळ यायचा, तर तो फार मोठे अंतर मोकळ्या माळरानातून वाहत आलेला असला पाहिजे, आणि तसे असेल तर पॅसिफिककडे नेणारी वाट तो दाखवणार नाही.

हा तर्क मला संपूर्ण प्रकरणातील सर्वांत भक्कम वाटतो, आणि तरीही तो पूर्णपणे बरोबर नव्हता. उत्तरेच्या फाट्याचे उगमप्रवाहसुद्धा रॉकी पर्वतांतच, आजच्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. पर्वत सोडल्यावर तो चिकणमातीच्या माळावरून वाहतो आणि तेथे गढूळ होतो. गाळावरून माळरान ओळखले गेले ते योग्यच होते, पर्वत नाकारला गेला तो घाईने.

दोन पाहण्या

पहिल्या दिवशी दोन्ही फाट्यांवर पाठवलेल्या लहान तुकड्यांनी काहीच ठोस आणले नाही. म्हणून 4 जूनला दोघे कॅप्टन स्वतः निघाले. क्लार्क पाच जणांसह दक्षिणेच्या फाट्याने सुमारे 40 मैल गेला आणि 6 जूनला परतला. नदी नैर्ऋत्येकडे जाते आहे आणि पाणी स्वच्छच आहे, एवढे त्याने पाहिले. लुईस सहा जणांसह उत्तरेच्या फाट्याने साठेक मैल गेला. ही नदी फार उत्तरेकडे वळते आहे, एवढ्यावर त्याची खात्री झाली, मात्र त्याच्याबरोबरच्या सहाही जणांना तीच मिसूरी आहे याची तितकीच खात्री झाली. एकच नदी, एकाच वेळी, एकत्र पाहून आलेल्या माणसांनी उलट निष्कर्ष काढले. आणखी पाहण्या करून मतभेद मिटला असता असे म्हणता येत नाही.

परतीच्या वाटेवर 7 जूनला पावसाने ओल्या झालेल्या कड्यावरून लुईस घसरला. सुमारे 90 फूट खोल कडा होता, आणि हातातील भाल्यासारख्या शस्त्राच्या आधाराने तो सावरला. पाठोपाठ रिचर्ड विंडसर कड्याच्या टोकाशी पोटावर घसरला आणि त्याचा उजवा हात व पाय हवेत लोंबकळू लागले. लुईसने आपली घबराट लपवून, जणू काही विशेष घडलेच नाही अशा आवाजात, त्याला सुरीने पायासाठी खोबण खणायला आणि पायांतील मोकासिन (मऊ चामड्याचे जोडे) काढून गुडघ्यांवर पुढे सरकायला सांगितले. या प्रसंगाकडे सहसा धाडसाचा किस्सा म्हणून पाहिले जाते. तोच कडा आणि तीच माती नदीच्या गढूळपणाचे कारण होते, हे मात्र सुटून जाते. पाणी धरून ठेवणारी आणि पावसात साबणासारखी होणारी ही चिकणमाती किती हटवादी आहे, याचे वर्णन लुईसने त्याच दिवशी लिहिले आहे.

उत्तरेच्या फाट्याला त्याने आपल्या नात्यातील मारिया वूड हिचे नाव दिले. अशा गढूळ आणि खवळलेल्या प्रवाहाला त्या गुणी मुलीचे नाव शोभत नाही, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. आज ती मरायस नदी म्हणून ओळखली जाते. ब्लॅकफीट लोकांकडे या नदीला अस्वलनदी अशा अर्थाचे नाव आधीपासून होते.

9 जूनची बैठक

लुईस 8 जूनला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दोघांनी नकाशे पुढे घेतले. लंडनच्या आरोन अ‍ॅरोस्मिथच्या नकाशात रॉकी पर्वतांच्या पूर्व अंगाची माहिती हडसन्स बे कंपनीच्या पीटर फिडलर याच्याकडून आलेली होती आणि 45 अक्षांशाच्या जवळपास एक ठळक शिखर दाखवलेले होते. फिडलर पर्वताच्या पूर्व कडेने तेथवर खरोखर गेला असेल आणि त्याला मिसूरी दिसली नसेल, तर ती त्याच्या दक्षिणेला असली पाहिजे, म्हणजे येथून तिने दक्षिणेकडे वळलेच पाहिजे, असा हिशेब लुईसने मांडला. फिडलरच्या अचूकतेबद्दल त्याला शंका होती, आणि ती रास्त होती. फिडलर स्वतः एवढ्या दक्षिणेला आलेलाच नव्हता. नकाशातील तो भाग मुख्यतः अको-मोक-की या ब्लॅकफीट प्रमुखाने 1801 मध्ये फिडलरला काढून दाखवलेल्या आकृतीवरून घेतलेला होता. लुईसने स्वतः मोजलेला संगमाचा अक्षांश 47 अंश 24 मिनिटे होता, आणि तोही खऱ्या अक्षांशापेक्षा सुमारे अर्ध्या अंशाने दक्षिणेला पडलेला होता. दुसऱ्याच्या ऐकीव माहितीवर बेतलेला नकाशा आणि चुकलेला अक्षांश यांतून निघालेला निष्कर्ष बरोबर ठरला, याचे श्रेय नकाशाला किंवा गणिताला देता येणार नाही.

त्यानंतर कॅप्टनांनी सर्वांपुढे आपली कारणे मांडली. माणसांनी उत्तर दिले की तुम्ही न्याल तिकडे आम्ही आनंदाने येऊ, तरीही आमच्या मते मिसूरी ती दुसरीच आहे, आणि दक्षिणेचा फाटा लवकरच डोंगरांत संपून आपल्याला कोलंबियापासून फार दूर सोडेल अशी भीती वाटते. ही नोंद लुईसचीच आहे, आणि तिचे श्रेय त्याला द्यायला हवे, कारण आपल्या विरोधातील मत त्याने त्याच्या कारणासकट लिहून ठेवले. मतदान झाले नाही. त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला कोलंबियाच्या मुखाजवळ हिवाळी तळ कोठे करावा यावर यॉर्क आणि सकागाविया यांच्यासह सर्वांची मते नोंदवली गेली, आणि त्याला लोकशाहीचा नमुना म्हणून मिरवले जाते. तोच नमुना जूनमध्ये वापरला असता, तर मोहीम मरायसने उत्तरेला गेली असती.

निर्णयाला जोडलेली चाचणी

मला या प्रकरणात सर्वांत शिस्तशीर वाटते ती पुढची कृती. माणसे एवढी ठाम आहेत हे पाहून कॅप्टनांनी ठरवले की आपली चूक असेल तर ती शक्य तितक्या लवकर उघड व्हावी. दक्षिणेच्या फाट्याने एका कॅप्टनने चार माणसे घेऊन जमिनीवरून पुढे जायचे, आणि धबधबा किंवा बर्फाळ पर्वत लागेपर्यंत थांबायचे नाही. धबधबा लागला तर वाद संपला. क्लार्क होड्या चालवण्यात जास्त तरबेज असल्याने तो नदीतून मागून येणार आणि लुईस पायी पुढे जाणार, असे ठरले. सर्व सामान, सर्व माणसे आणि उरलेला हंगाम एकाच अंदाजावर लावण्याऐवजी पाच माणसांचे काही दिवस आधी लावले गेले.

ओझेही कमी करण्यात आले. लाल रंगाची मोठी होडी मरायसच्या मुखाजवळील एका बेटावर झाडांना बांधून फांद्यांखाली लपवली, आणि ती वल्हवणारे सात जण इतर होड्यांसाठी मोकळे झाले. जड सामान, काही धान्य, मीठ, अवजारे, बंदुकीची दारू व शिसे जमिनीत पुरले. त्यासाठी खणलेला खड्डा क्रुझातच्या सांगण्याप्रमाणे होता, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, आपल्याकडील धान्याच्या पेवासारखा. हिरवळीचा वरचा थर नीट कापून बाजूला ठेवायचा, निघालेली माती नदीत टाकायची आणि शेवटी थर पुन्हा जागच्या जागी बसवायचा, म्हणजे कोणाला संशय येत नाही. ज्याचे मत कॅप्टनांनी फेटाळले होते, त्याच क्रुझातकडून हे तंत्र आले, आणि 9 जूनच्या रात्री सर्वांच्या करमणुकीसाठी सारंगीसारखे वाद्य, म्हणजे व्हायोलिन, वाजवले तेही त्यानेच.

11 जूनला निघालेला लुईस त्याच दिवशी पोटाच्या दुखण्याने आडवा झाला. जंगली चेरीच्या डहाळ्यांचा काढा करून प्यायल्यावर त्याला उतार पडला. 13 जूनला त्याला आधी पाण्याचा आवाज ऐकू आला, मग माळरानावर धुरासारखे वर चढणारे तुषार दिसले, आणि दुपारी तो मिसूरीच्या मोठ्या धबधब्यापुढे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी जोसेफ फील्डच्या हाती त्याने क्लार्कला निरोप पाठवला. त्याच दिवशी पुढे चालत जाताना, एका वरच्या धबधब्याखालील बेटावर कॉटनवूडच्या झाडावर गरुडाचे घरटे त्याला दिसले. हिदात्सांनी खूण म्हणून नेमके हेच सांगितले होते. नदीच्या मुखाबाबत अपुरी ठरलेली माहिती या घरट्याबाबत अचूक होती.

बरोबर नदीचा खर्च

हिदात्सांच्या वर्णनावरून एक धबधबा आणि थोडेसे अंतर असे चित्र कॅप्टनांच्या मनात होते. प्रत्यक्षात धबधबे पाच निघाले आणि होड्या जमिनीवरून सुमारे 18 मैल न्याव्या लागल्या. कॉटनवूडच्या एका जाड खोडाचे तुकडे कापून चाके केली गेली. निवडुंगाचे काटे मोकासिनमधून तळपायात घुसत होते, आणि गारपिटीने माणसे रक्तबंबाळ झाली. धबधब्यांच्या वरच्या बाजूने मोहीम पुढे निघाली ती 15 जुलैला. म्हणजे नदी ओळखण्यात गेले त्याच्या तिप्पट दिवस धबधबे ओलांडण्यात गेले.

मरायसचा प्रश्नही मिटला नव्हता. परतीच्या प्रवासात, जुलै 1806 मध्ये, लुईस तीन जणांसह मुद्दाम मरायसवर गेला, कारण तिचा एखादा उगमप्रवाह 50 अक्षांशापर्यंत पोहोचत असेल, तर अमेरिकेला आपली सीमा तेवढी उत्तरेला सरकवता येईल. प्रवाह तेथवर जात नव्हता, आणि त्या तळाला निराशेचे नाव मिळाले. परतताना टू मेडिसिन नदीवर 27 जुलैच्या पहाटे ब्लॅकफीट तरुणांशी चकमक झाली आणि त्यांच्यातील दोघे मारले गेले. मोहिमेत स्थानिक लोकांशी झालेला हा एकमेव प्राणघातक संघर्ष होता. 23 जानेवारी 1870 रोजी याच मरायसच्या काठी अमेरिकी सैन्याने पिगन ब्लॅकफीटांच्या छावणीवर हल्ला करून मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध अशा सुमारे 200 जणांना ठार केले. 1805 मधील चर्चेत ही नदी फक्त चुकीची वाट म्हणून येते. ती कोणाची तरी भूमी आहे हा विचार त्या बैठकीत नव्हता.

माणसांच्या त्या भीतीचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय निर्णयाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. दक्षिणेचा फाटा खरोखरच डोंगरांत संपला. 12 ऑगस्टला लुईस लेमही खिंडीत चढला, तेव्हा पलीकडे कोलंबियाचे रुंद खोरे नव्हते, बर्फाच्छादित पर्वतांच्या आणखी रांगा होत्या. 9 सप्टेंबरला मोहीम आजच्या मिझूलाजवळील ट्रॅव्हलर्स रेस्ट येथे पोहोचली, आणि तेथे त्यांच्या शोशोनी वाटाड्याने सांगितले की येथून मिसूरीपर्यंत माणूस चार दिवसांत जाऊ शकतो. धबधब्यांपासून तेथे यायला त्यांना आठ आठवडे लागले होते. पुढच्या वर्षी 3 जुलैला लुईस तेथूनच निघाला आणि 11 जुलैला धबधब्यांपाशी पोहोचला.

तरीही 1805 च्या जुलैमध्ये ही जवळची वाट कोणी दाखवली असती, तर मोहिमेला ती धरता आली नसती, कारण तेव्हा तिच्याकडे एकही घोडा नव्हता. लांबच्या वाटेने, डोंगरांत संपणाऱ्या त्याच फाट्याने गेल्यामुळे तिची गाठ सकागावियाच्या शोशोनी लोकांशी पडली. त्यांचा प्रमुख कामेआवेत तिचा भाऊ निघाला, आणि शोशोनींकडून मिळालेल्या एकोणतीस घोड्यांवर सामान लादून तुकडी पुढे निघाली.